रजिस्टरमधला पत्ता

"आज सुचेता नाही म्हणाली तर संपलंच, आई," अवधूत गाडी थांबवत म्हणाला. "फ्रायडेला रजिस्टर डिस्ट्रॉय करतायत."

वीणाताई जरीच्या साडीवर जाड कोट घालून शेजारी बसल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. "विचारते," त्या म्हणाल्या.

बाकी लंडनच्या हॅरोत आनंदीआनंद होता. नवं सरकार आलं, ओळखपत्राचा कायदा रद्द झाला, आणि लोकांच्या बोटांचे ठसे नि पत्ते साठवलेल्या त्या रजिस्टरच्या हार्ड डिस्क आता चिरडून टाकणार होते. ज्यांनी ते कार्ड कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, तेही तुरुंगातून सुटल्यासारखे एकमेकांचं अभिनंदन करत होते. अवधूतच्या घरावर मात्र अवकळा पसरली होती.

त्याची बायको ऋजुता जूनमध्ये एक वर्षाच्या मुलीला, ईशिताला, घेऊन निघून गेली होती. ऋजुता इथेच जन्मलेली, तेवीस वर्षांची, नियमाला भलतीच पक्की. लंडनमधल्या तरुणांना कार्ड मिळू लागलं तेव्हा तिनं ते हौसेनं काढलं होतं. पत्ता बदलला की कळवायचा, असा कायदाच होता. म्हणजे तिनं कळवला असणारच. ती जिथे कुठे होती, तिथला पत्ता त्या रजिस्टरमध्ये होता. निदान अवधूतला मिळण्यासारखा दुसरीकडे कुठेच नव्हता.

पोलीस म्हणाले, ती सज्ञान आहे, सुखरूप आहे, याहून जास्त सांगता येणार नाही. खासदाराच्या ऑफिसनं सहानुभूतीचं पत्र पाठवलं. इंग्रज माणूस नकारही इतका गोड देतो की आपणच आभार मानून बाहेर पडतो. ऑगस्टमध्ये एकदा ती कॉव्हेंट्रीला एका मैत्रिणीकडे असल्याचा पत्ता लागला होता. अवधूत ऋजुताची समजूत काढायला तसाच गाडी घेऊन गेला, पण ती तिथूनही गेली. त्यानंतर काहीच नाही.

राहता राहिली सुचेता. ती मराठी मंडळातली आणि रजिस्टरच्या ऑफिसात नोकरीला. अवधूतला तिनं फोनवरच वाटेला लावलं होतं. पण हळदीकुंकवाला दारात आलेल्या बाईला कोण घालवणार? संक्रांतीपासून वीणाताईंनी तिला दोन घरी गाठलं, दोन्ही वेळा तिनं मान हलवली. आज रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, आणि बोलावणं खुद्द सुचेताकडचं.

हॉलमध्ये बायकांचा कलकलाट चालला होता. सुचेतानं वीणाताईंना किचनमध्ये नेलं. रथसप्तमीचं दूध उतू घालायला गॅसवर पातेली ठेवली होती. अंगण नाही, गोवऱ्या नाहीत, सूर्य तर महिनाभर रजेवर. पण दूध पूर्वेच्याच कडेनं उतू जावं म्हणून पातेली जरा कलती ठेवली होती.

"काकू, हाताला काय झालं?"

"बाथरूममध्ये घसरले."

"अहो, सांभाळा. किती दिवस प्लास्टर?"

"पाच आठवडे." वीणाताई दुधाकडे बघत राहिल्या. "तेच विचारायला आले बघ. पत्ता मिळेल का, विचार म्हणालाय. बाहेर गाडीत बसलाय."

"ईशिता आता बोलायला लागली असेल ना?"

"लागली असेल. तिचे फ्रॉक आता तिला व्हायचेही नाहीत. तरी मी दर रविवारी धुते."

सुचेतानं गॅस बारीक केला. तिनं किचनचं दार लोटून घेतलं आणि डाळीच्या डब्यामागून एक घडी घातलेला कागद काढला.

"काकू, मी असं कधी केलेलं नाही. कळलं तर माझा जॉब तर जाईलच, वर केस होईल. पण तुमचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. घ्या."

वीणाताईंनी डाव्या हातानं कागद घेतला आणि कपाळाला लावला. त्यांचे डोळे भरून आले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच नात त्यांच्या इतकी जवळ आली होती.

"बरी आहे ना गं ती?"

"ते रजिस्टरमध्ये नसतं, काकू. नुसता पत्ता आहे."

"तुझ्याशिवाय कुणी बघितलाय?"

"कुणीच नाही. आणि शुक्रवारनंतर देवालाही सापडायचा नाही."

बाहेर हॉर्न वाजला. अवधूतला दम निघत नव्हता. वीणाताईंनी घडी न उलगडता कागदाचा कोपरा पातेलीखालच्या जाळाला लावला. कागद भुरकन पेटला. बोटांना चटका बसेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

"काकू! अहो, काय केलंत हे? वाचलात तरी का?"

"नाही वाचला."

"मग इतके दिवस मागत कशाला होतात?"

"त्याच्याकडे रिकाम्या हातानं जायचं, तर मागून तरी जायला हवं." वीणाताईंनी काळी राख ओट्यावरून पुसून घेतली. "कॉव्हेंट्रीचं मला ठाऊक होतं, सुचेता. त्याला ते मीच सांगितलं. तो मारायला लागला, की मी बोलून जाते गं."