आधी हात, मग तोंड

फळ्यावरचं गणित अर्धंच राहिलं आणि बाई कोसळल्या. आधी हातातला खडू पडला, मग त्या. टेबल आणि फळ्याच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्या डाव्या कुशीवर पडल्या. डोकं तेवढं टेबलाच्या कडेबाहेर आलं होतं. डावा हात अंगाखाली सापडला होता, आणि उजवा हलेना. तो आपला नाहीच असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या कुठल्याही वर्गात एव्हाना हलकल्लोळ झाला असता. कुणी किंचाळलं असतं, कुणी शेजारच्या वर्गात धावलं असतं. इथे कुणी जागचं हललं नाही. तिसरीचा हा वर्ग बाईंचा होता.

सगळी शाळा त्यांना पाठीमागे चिडीचूप बाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं. त्यांनी कधी पोरावर हात उगारला नाही, कधी कुणाला गाढव म्हटलं नाही. नुसत्या नजरेने वर्ग वळवला. शाळेची आचारसंहिता त्यांनीच लिहिली होती, आणि मुलांपासून हेडसरांपर्यंत कुणालाही तीतून सोडलं नव्हतं. त्या स्वतःलाही सोडत नसत. एकदा वर्गावर यायला उशीर झाला, तर पोरांसमोर उभं राहून त्यांनी माफी मागितली होती. अशा माणसाला नावं तरी काय ठेवणार?

खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर टकळी बसायची. पोरीच्या तोंडाला पूर्वी खळ म्हणून नव्हता, त्यामुळे हे नाव पडलं. बाईंनी तिला मुद्दाम नजरेसमोर बसवून घेतलं होतं. गेल्या आठवड्यात शेजारणीच्या नाकातून भळाभळा रक्त यायला लागलं, तेव्हा टकळी ओरडली होती, "बाई, हिला रक्त येतंय!" बाई शांतपणे तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आधी हात, मग तोंड," त्या म्हणाल्या.

टकळीने हात वर केला. बाईंनी क्षणभर तो तसाच राहू दिला. मग म्हणाल्या, "हं, बोल." टकळीने सांगितलं, आणि त्यानंतरच बाईंनी रुमाल काढला. शेजारीण तोवर फ्रॉक लाल करत मुकाट बसून होती. घाबरायच्या वेळीसुद्धा पोरं बिथरली नाहीत याचं बाईंना त्या दिवशी केवढं कौतुक वाटलं होतं.

आता टकळी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. बाईंच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता, तिथून लाळ गळत होती. हे काय आहे ते बाईंना कळत होतं. त्यांचे वडील असेच गेले. लवकर आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते.

टकळीचा हात वर गेला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. बोल गं पोरी, त्या मनातल्या मनात म्हणाल्या. ओरड. ऊठ, धाव, शेजारच्या वर्गात जा. टकळी वाट बघत राहिली. बाईंनी सगळा जीव गोळा करून एक शब्द म्हणायचा प्रयत्न केला. 'बोल.' तेवढाच. ओठांतून नुसता वारा निघाला. टकळी किंचित पुढे झुकली, तिने कान दिला, आणि हात आणखी ताठ केला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा अर्धवट उठला होता. शेजाऱ्याने त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. मग त्यानेही हात वर केला. शेजाऱ्यानेही केला. एकेक करत सगळ्या वर्गाचे हात वर झाले. नजर समोर, पाठ ताठ. टकळीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हुंदका तिने आतच दाबून धरला होता. बाईंना जन्मात पहिल्यांदा गोंगाट हवा होता. कुणीतरी बाक पाडा रे, त्या आतून आक्रोश करत होत्या. कुणीतरी रडा.

तेवढ्यात बाहेर बुटांचा आवाज आला. हेडसर! एका मुलीच्या वडिलांना शाळा दाखवत ते येत होते. आवाज जवळ येत येत वर्गाच्या मागच्या दाराशी थांबला. दाराच्या वरच्या भागात काच होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचले, त्यांना वाटलं. आता वाचले.

हेडसरांनी काचेतून आत पाहिलं. पाठमोरी पोरं, वर गेलेले हात, अर्धं गणित, टेबल. बाई दिसत नव्हत्या, पण कप्प्यातलं काहीतरी काढायला खाली वाकल्या असतील, असं त्यांना वाटलं. पोरांचे हात थरथरत होते ते उत्साहाने, असंही त्यांना वाटलं.

"बघा," ते पाहुण्यांना कौतुकाने म्हणाले. "एकूण एक हात वर. अख्ख्या वर्गाला उत्तर येतंय."

"वा!" मुलीचे वडील म्हणाले. "हाच वर्ग द्या हो आमच्या पोरीला. आत जाऊन बाईंना भेटता येईल?"

हेडसरांनी कडीवर ठेवलेला हात मागे घेतला आणि आवाज खाली आणला.

"आत्ता नको. तास चालू असताना दार उघडायचं नाही, हा नियम बाईंनीच मला घालून दिलाय."