बिनडोक्याची गाडी

हणमंतरावांना या सौद्यात एकच गोष्ट कमवायची होती: काहीही आठवणार नाही अशी गाडी. बाकी सगळा तोटाच होता. पेट्रोल जास्त जाणार, सकाळी चोक ओढावा लागणार, चढाला गाडी धापा टाकणार. शरणप्पानं हे सगळं बोटं मोजून सांगितलं. उदगिरात गॅरेज टाकल्याला पंचवीस वर्षं झाली, पण कॉम्प्युटरवर चालणारं धडधाकट इंजेक्शन काढून जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर मागणारं गिऱ्हाईक तो पहिल्यांदाच बघत होता.

"त्यातला कॉम्प्युटर काढ, शरणप्पा. समदं लिहून ठेवतंय म्हनं त्ये. कवा, कुठं, किती जोरात."

"तुमाला काय भ्या हाय त्येचं, अण्णा?"

"भ्या कशाचं? नोकर बिनडोक्याचाच बरा."

शरणप्पानं गाडीवरून नजर फिरवली. पंधरा वर्षांची गाडी. डावा दिवा तेवढा कोरा करकरीत. तो हसला. गिऱ्हाइकाच्या पोटातलं काढायचा पाना त्याच्याकडं नव्हता.

मुखेडच्या भंगारात एक जुनी व्हॅन मिळाली. इंजिन त्याच घराण्यातलं. तिचा कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि पंप या गाडीवर चढला. इंजेक्टर, सेन्सर, वायरींचं जंजाळ खाली उतरलं. कॉम्प्युटरचा डबा फळीवर गेला.

मग शरणप्पाची झोप उडाली. आयडल, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिनाचं घुमणं, तो कानानं लावायचा. स्क्रू फिरवत फिरवत इंजिन एकसारखं घुमलं की हात काढायचा. इथं पाठ फिरवली की सूर बदलायचा. तीन ठोके, एक दम. तीन ठोके, एक दम. दम्याच्या माणसानं जिना चढावा तसं. चारदा लावलं, चारदा तेच. वर सकाळच्या थंडीत, चोकला हात न लावता, गाडी पहिल्या चावीला सुरू.

दुरुस्त केलेली गाडी मालकाच्या दारापर्यंत सोबत बसून पोचवायची, ही शरणप्पाची रीत. भर दुपारी दोघं हणमंतरावांच्या गावाला, मुखेडला निघाले. गावाअलीकडच्या वळणावर गाडी हळू झाली.

"दाबा की, अण्णा."

"दाबूनच राहिलो!"

गाडी कडेला येऊन थांबली. हणमंतरावांनी घाईनं गिअर काढला. इंजिन मात्र चालूच. तीन ठोके, एक दम.

समोरच्या पत्र्याच्या घरातून एक बाई पाण्याची घागर घेऊन धावत आली आणि गाडी बघून जागीच थबकली. शरणप्पानं तिला ओळखलं. मारोतीची सरजाबाई. व्हॅननं बाजाराचा माल वाहणारा मारोती तीन महिन्यांपूर्वी याच वळणावर गेला होता. उडवणारं वाहन कुणाला सापडलं नव्हतं.

"आवाज आला," ती म्हणाली. "वाटलं, मालक आले. आमची व्हॅन हितंच तापायची रोज. मी पानी आणायची, ते वतायचे. भंगारात दिली तिला. मंग ह्यो आवाज कुटून आला?"

शरणप्पानं बॉनेटकडं बघितलं. भंगारातल्या व्हॅनचा कार्ब्युरेटर त्यानंच आत चढवला होता.

"पुढं वाकला व्हता गं बाई," हणमंतराव बोलून गेले. "मला दिसलाच न्हाई."

त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

इंजिन आपोआप बंद पडलं. सरजाबाईनं घागर खाली ठेवली, खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली.

तर हिशेब असा. मारोतीनं जीव गमावला. सरजाबाई तीन महिने रस्त्याकडं कान लावून बसली. हणमंतरावांनी भरलं ते स्वतःच्या तोंडानं. राहिला फळीवरचा डबा. इंजिनाला किती पेट्रोल सोडायचं, एवढंच त्या जुन्या डब्याला कळायचं. कधी, कुठं, किती जोरात, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. नीट विचारलं असतं, तर शरणप्पानं ते फुकट सांगितलं असतं.