आजीचं आजारपण

"खुशाल मला आजारी पाडा गं, माझं काय जातंय!" नुरझातची धडधाकट आई हसत म्हणाली होती. घटस्फोटानंतर नुरझात लेकीला, मेरिमला घेऊन शिकागोहून माहेरी, बिश्केकला परतली होती. पोरीचं ग्रीन कार्ड टिकवायचं तर दरवर्षी अमेरिकेत जाऊन, बाहेर राहण्याचं कारण सांगावं लागणार होतं. आजीने स्वतःच्या आजारपणाचं ते कारण नातीकडून घोकून घेतलं.

यंदा चौथी खेप. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मेरिमलाच विचारलं, "इतके महिने कुठे होतीस?"

"आजी आजारी आहे. तिला माझ्याशिवाय करमत नाही. ती बरी झाली की आम्ही येणार."

"सांभाळ हं आजीला," म्हणत त्याने शिक्का मारला.

बाहेर येताच मेरिमने आईचा हात ओढला. "बरोबर बोलले ना? तू म्हणालीस तसं, आजी गेली हे अजिबात नाही सांगितलं."

"शहाणी गं माझी," नुरझात म्हणाली, पण तिला लेकीकडे बघवेना. कार्डाची मुदत चुकू नये म्हणून ती घाईने निघाली होती. उद्या तिकडे बिश्केकला तिच्या आईला जाऊन चाळीस दिवस होणार होते, आणि त्या दिवशी वाटायचे बोरसोक, कणकेचे छोटे गोळे, तिच्याऐवजी शेजारणी तळणार होत्या.