पलंगाचा एक पाय

सागवानाच्या त्या फळ्या बाबांनी माझ्या लग्नासाठी राखून ठेवल्या होत्या आणि पलंग झाला धाकट्या बहिणीचा, राहायुचा. आमच्या जेपारात, या सुतारांच्या गावात, लाकूड घासायचं काम बायकांचंच, म्हणून आठ दिवस पॉलिश पेपर घेऊन मीच तो घासत होते. एकही खिळा नाही, नुसतं लाकडात लाकूड बसवलेलं. शेजारणी हात फिरवून “लोण्यासारखा झालाय गं” म्हणायच्या आणि मी आतून जळायचे. आमच्यात थोरलीला ओलांडून धाकटीनं लग्न केलं, तर थोरली मागेल ते द्यावं लागतं. बहुतेक जणी एखादं कापड मागून मोकळ्या होतात. लग्नाच्या सकाळी पाहुण्यांसमोर राहायु माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. “ताई, तुला ओलांडून चाललेय. काय हवं ते माग.” मी म्हटलं, “पलंगाचा एक पाय दे.” “डोकं फिरलंय का तुझं?” बाबा ओरडले. “तीन पायांवर पलंग उभा राहतो होय?” “ते तिचं ती बघेल.” आता ही रडणार, मला वाटलं. तिनं रडावं म्हणूनच तर मागितलं होतं. पण तिनं दाराशी बसलेल्या नवऱ्यामुलाकडे चोरून पाहिलं, त्याचे कान लाल झाले आणि तिला हसू आवरेना. “एकच कशाला ताई, चारही घे. अख्खा पलंगच ठेव. आम्ही काय, चटईवरही झोपू.” पाहुण्यांत खसखस पिकली. बाबासुद्धा हसले. आठ दिवस घासून माझ्या बोटांची सालं निघाली होती. “मग ती चटईच दे,” मी म्हणाले.