दोन बादल्या

“मी अणूवर काम करतो, असं चाळीत सांगत बसू नकोस,” जयवंतने बायकोला बजावलं होतं. अनुपमाने ते हसण्यावारी नेलं. “मग काय सांगू? कारकून आहात?”

“सांग की. दिवसभर कागदच तर काळे करतो मी.”

आज घाटकोपरच्या त्या चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या नळावर, तिला तेच आठवत होतं. रशियात फुटलेल्या अणुभट्टीबद्दल पेपरात पुन्हा पुन्हा छापून येत होतं, आणि शेजारच्या प्रेमाताईंची शकु यायची बंद झाली होती. एरवी ही पोर सकाळीच येऊन अनुपमाच्या तान्ह्या मनीला कडेवर घ्यायची, गॅलरीभर मिरवायची. आता मनी उंबऱ्याशी रांगत जायची आणि शेजारच्या दाराकडे बघून “ऊ, ऊ” करायची. दार लोटलेलं असायचं.

प्रेमाताई दारातच विळीवर तोंडली चिरत होत्या. शकु त्यांच्या पाठीला टेकून बसली होती. पलीकडे सोनूआजी मिश्री लावत होत्या.

“प्रेमाताई, शकु रागावलीय का आमच्यावर?”

“नाही गं. अभ्यास असतो तिला.”

“दिवाळीच्या सुट्टीत?”

प्रेमाताईंनी विळीवरचा हात थांबवला. “मग खरं सांगू? भीती वाटते. तुझा नवरा रोज त्या अणूतनं येतो, नि तसाच घरात शिरतो.”

“अणूतनं कसले येतात! ह्यांनी भट्टी जवळून पाहिलीसुद्धा नाही. हे नुसती गणितं मांडतात.” अनुपमाने ताटातलं एक तोंडलं उचललं. “हे बघा. अणूच्या मधोमध केंद्रक असतं. काही गोल, चण्यासारखी. काही थोडी लांबट. पण ते गरगर फिरायला लागलं तर त्याचा आकार काय होईल, हे ह्यांच्यासारखी माणसं कागदावर शोधतात. एखादं म्हणे इतकं ताणलं जातं, की लांबी रुंदीच्या दुप्पट. अगदी ह्या तोंडल्यासारखं. आणि तरी तुटत नाही! इतकी वर्षं हे नुसतं गणितात होतं. आता विलायतेत खरोखर दिसलंय.”

शकु पुढे सरकली. “मग ते फिरायचं थांबतं कसं, काकू?”

अनुपमाला बरं वाटलं. किती दिवसांनी कुणी तिला असलं काही विचारलं होतं. “हळूहळू थांबतं. आपण जिना उतरतो ना, तसं. सगळ्या पायऱ्या सारख्या. आणि दर पायरीला एक किरण बाहेर टाकतं.”

प्रेमाताईंनी वर पाहिलं. “किरण?”

“म्हणजे तिकडे, त्या यंत्रात. इथे नाही हो! इथे कागदावर.”

“किरण म्हणाली ना ही, सोनूआजी?”

“म्हणाली, बाय.” सोनूआजी मोरीत पचकन थुंकल्या. “बाकीचा माका काय कळूक नाय. तेवढा कळला.”

“अहो, आकड्यांतून कसले किरण निघणार? तसं असतं तर मी माझं बाळ त्या घरात ठेवलं असतं का?”

प्रेमाताईंनी तिच्या हातातलं तोंडलं काढून घेतलं. “मग मला एक सांग. तू दोन बादल्या का भिजवतेस?”

नळाखाली अनुपमाच्या दोन बादल्या होत्या. एकीत जयवंतचे शर्ट. दुसरीत मनीची झबली, लंगोट, दुपटी.

“आधी एकच असायची. आम्हाला काय दिसत नाही होय? नवऱ्याचा शर्ट तूच पोरीच्या कपड्यांना लागू देत नाहीस. नि माझ्या शकुला म्हणतेस, ये.”

बी.एस्सी., फिजिक्स, फर्स्ट क्लास. अनुपमाने बादल्यांकडे पाहिलं. ती दुसरी बादली कधी सुरू झाली? कुणी सांगितलं नव्हतं. पेपर वाचून ती उठली होती आणि तिच्या हातांनीच परस्पर ठरवून टाकलं होतं. जयवंतने कधी विचारलं नाही. त्याच्या लक्षात आलं नसेल. की आलं असेल?

तिने शर्ट उचलले आणि मनीच्या बादलीत कोंबले. दोन्ही हातांनी खाली दाबले. पिवळं झबलं एकदा फुगून वर आलं, मग एका बाहीखाली गेलं.

सोनूआजींनी चूळ भरली. मग प्रेमाताई विळी आडवी करत म्हणाल्या, “जा गं शकु, घे तिला. आणि पाडू नकोस.”

कपडे दुपारीच कडकडीत वाळले. संध्याकाळी गॅलरीतल्या सगळ्या दोऱ्या रिकाम्या झाल्या, एक सोडून. शर्ट अनुपमाने आत नेले होते. मनीला तिने पेटीतलं जुनं झबलं घातलं होतं, बाह्यांना तोकडं झालेलं.

“काकू, ते पिवळं घाला ना तिला,” शकु म्हणाली. “वाळलंय.”

“दमट आहे गं अजून.”

जयवंत जिना चढून वर आला तेव्हा ते शब्द त्याच्या कानांवर पडले असणार. तो दोरीपाशी थांबला. त्याने झबल्याला बोट लावून पाहिलं. मनीने दोन्ही हात वर केले. त्यानेही पुढे केले, आणि मग मागे घेतले.

“हात धुऊन येतो हं,” तो म्हणाला. असं तो यापूर्वी कधी म्हणाला नव्हता.

नळाजवळच्या मोरीतल्या पिंपात तांब्या बुडाल्याचा आवाज येतो आहे. मग पाणी पडल्याचा. मग पुन्हा तांब्याचा. अनुपमा मनीला घेऊन दारापर्यंत जाते आणि मागे फिरते. तिला धीर होत नाही. जो कुणी ऐकत असेल त्याला तिला सांगावंसं वाटतं: तुम्ही गॅलरीतून तिकडे जाणारच असाल, तर जरा बघून या ना ह्यांना. म्हणावं, पुरे झालं आता.