मधला धुरा

भाग्यश्रीने उडी मारली तेव्हा तिच्यासमोर काहीच नव्हतं.

देवरीचं सपाट मैदान, चुन्याच्या पांढऱ्या रेघा आणि त्यांतून धावणाऱ्या सातवीतल्या मुली. सगळ्यांच्या पुढे असलेली ही चिचगडकडची पोरगी बरोबर अर्ध्यावर आली आणि पाय उचलून चांगली हातभर वर उडाली. पुन्हा जमिनीला टेकते तोवर एक जण पुढे निघून गेली होती. अख्खं मैदान हसलं.

"काय दिसलं बाप्पा तिले? साप?" कुणीतरी ओरडलं.

दुसरी आली म्हणून नशीब, अंतिम फेरीत नाव लागलं. पण गोंदियाला, जिल्ह्याच्या स्पर्धेला, अंतिम फेरीतली पहिलीच जाणार होती.

तिच्या शाळेच्या मंजू मॅडमना हसू आलं नाही. पोरगी कशावरून उडाली ते त्यांना कळलं होतं. त्यांच्या शेजारी उकिडवे बसलेल्या, गावातून सोबत आलेल्या शेतकरी केवलरामांना तर त्याच्याही आधी कळलं. कळणारच. धुरा त्यांचाच होता.

गावच्या शाळेला मैदान नाही. वरून चेंडू आले, दोऱ्या आल्या, शिट्टीसुद्धा आली. ती वाजवायची कुठे, हे मात्र कुणी कळवलं नाही. यंदा केवलरामांनी शाळेला लागून असलेल्या आपल्या धानशेतातल्या दोन तुकड्यांत, दोन बांध्यांत, धानामागची लाखोरीची डाळ टाकलीच नाही. धान निघालं आणि रान पोरांचं झालं. घरच्यांनी वेड्यात काढलं, पण हा माणूस कुणाचं ऐकतो थोडाच. अट एकच होती. दोन बांध्यांमधल्या धुऱ्याला, त्या मातीच्या बांधाला, कुणी हात लावायचा नाही. पाणी त्याच्यामुळे थांबतं, आणि तो त्यांच्या बापाने घातलेला होता.

मग पोरं धुऱ्यावरून उडी मारूनच धावायला शिकली. सगळ्यांत चांगली शिकली ती भाग्यश्री.

"मॅडम, मले मालूम आहे इथं धुरा नाही," ती रडत म्हणाली. "पण पायाले मालूम नाही नं. तो आपोआपच उचलते."

मॅडमनी तिला पाणी पाजलं. हाताला धरून मैदानावरून चालवून आणलं, जमीन दाखवली. पोरगी मान हलवत राहिली. मग दोघी एकदा हळूच धावून आल्या, आणि अर्ध्यावर पाय पुन्हा उचलला गेला. दुपारच्या उन्हात मॅडम हताश होऊन खाली बसल्या. एवढे दिवस रोज सकाळी ही पोरगी सगळ्यांच्या आधी येऊन धावत होती, आणि आता हे.

केवलराम तंबाखू मळायचे थांबले.

"माह्यामुळंच झालं हे."

"असं नका म्हणू, काकाजी. तुम्ही रान दिलं नसतं तर ती इथवर आली असती का?"

"नसती आली तर रडली बी नसती," केवलराम म्हणाले आणि उठून चालायला लागले. कुठे निघाले ते सांगितलं नाही. सांगायची त्यांना सवयच नाही.

अंतिम फेरीची शिट्टी वाजली. भाग्यश्री सुटली ती पहिल्यापासूनच पुढे. मॅडमनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. अर्धं अंतर जवळ आलं, पोरीचे खांदे वर व्हायला लागले, आणि तेवढ्यात दोरीच्या पलीकडून, बरोबर त्या जागेवरून, एक दणदणीत आवाज आला.

"फोडला वो पोरी! धुरा फोडला! सरळ धाव!"

लोक पुन्हा हसले. कुठला धुरा, कुणाचा धुरा, कुणालाच पत्ता नव्हता. पण पोरीचा पाय उचलला गेला नाही. ती सरळ धावली आणि शेवटची दोरी तिच्याच छातीला आधी लागली. मंजू मॅडम रडल्या, आणि रडताना त्यांना अजिबात लाज वाटली नाही.

जीप गावात पोचली तेव्हा दिवस कलला होता. केवलराम उतरले, घरात गेले आणि लगेच बाहेर पडले. थोड्या वेळाने शाळेच्या मागून धप्-धप् आवाज यायला लागला. मॅडम भाग्यश्रीला घेऊन तिकडे गेल्या.

केवलराम फावड्याने धुरा फोडत होते. मधोमध बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली होती.

"काकाजी! हे काय करून राहिले?"

"दिसत नाही का? पावसाच्या पाण्याआधी पुन्हा टाकू. तवा सारी शाळा पाठवजा माती टाकाले."

"अहो, पण ते तर तुम्ही तिथल्यापुरतं म्हटलं होतं नं?"

केवलरामांनी फावडं टेकवलं आणि दुपट्ट्याने कपाळ पुसलं.

"म्हटलं होतं तिथल्यापुरतंच. पण पोट्टीनं खरं मानलं नं, मॅडम. आता मी खोटा पडू का?"

भाग्यश्री पाया पडायला वाकली, तसे केवलराम दोन पावलं मागे सरले.

"माह्या पाया नोको पडू वो. ढेकलं उचल."

तिने ढेकळं उचलली. धुऱ्याची जागा साफ केली, हाताने सपाट केली. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, त्या ओल्या मातीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि तिच्यावर पहिल्यांदा पाय ठेवला.