चारी चाकं एका मापाची

ओढ्याच्या काठावर गहिनीनाथाने जीप उभी केली आणि पलीकडे पाहिलं. चढावर चांगुणाचं माहेर. दोन वर्षं दर बाजाराला तो इथवर यायचा आणि इथूनच माघारी फिरायचा. बायको हाकेच्या अंतरावर अन् मध्ये पोटरीभर चिखल. अशी तगमग वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

चूक त्याचीच होती. जीप लष्कराच्या लिलावातली. जास्त माणसं बसावीत म्हणून ह्या शहाण्याने मागे मोठे टायर चढवले, पुढचे लहानच ठेवले. पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणारी दांडी टाकली की लहानमोठ्या चाकांचा मेळ बसेना आणि गिअरबॉक्स ओरडायचा. मग त्याने दांडी टाकायचीच सोडली. एकाहत्तरच्या श्रावणात सासरा शेवटच्या घटका मोजतोय असा निरोप आला. चांगुणाला घेऊन तो ओढ्यापर्यंत आला आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. जीप काही जायची नाही, एवढं सांगून तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. चांगुणा उतरली, लुगडं वर खोचून चिखलातून निघून गेली. ती परत आलीच नाही.

आज मात्र चारी टायर एका मापाचे होते. अकोल्याच्या आसाराम मिस्त्रीने स्वतः बसवले होते. चिखलात दांडी टाक, डांबरीवर आलास की काढ, असं त्याने दहादा बजावलं होतं. गहिनीनाथाने दांडी ओढली. पुढच्या चाकांनी चिखल धरला. जीप हळूहळू ओढा ओलांडून चढ चढली आणि थेट अंगणात जाऊन थांबली.

चांगुणा उंबऱ्यात बसली होती, शेजारी बांधलेलं गाठोडं.

"टायर एका मापाचे न्हवते गं," तो बसल्या जागेवरूनच म्हणाला. "आता कसल्याबी चिखलातनं जाती. चल, बस."

चांगुणाने गाठोडं डोक्यावर घेतलं, जीपला वळसा घातला आणि ओढ्याची वाट धरली. चार पावलांवर थांबून ती वळली.

"दर बाजाराला जीपचा आवाज आला की म्या गाठोडं बांधून बसायची," ती म्हणाली. "बाला शेवटचं बघाया म्या चालतच आले हुते. तुमी खाली उतरून संगं चालला असता, तर तवाच माघारी आले असते."

गहिनीनाथाने इंजिन बंद केलं आणि चपला हातात घेऊन तो तिच्यामागे चालू लागला.